माळ्यावरची सायकल

माणसाला एखादा नाद असावा की नसावा, या विषयावर आमच्या घरी वर्षातून दोनदा चर्चा होते. एकदा मार्चअखेर, घरखर्चाचा ताळेबंद मांडताना. आणि दुसऱ्यांदा दिवाळीच्या तोंडावर, माळा साफ करायला काढतात तेव्हा. पहिल्या चर्चेत मी मौन पाळतो. दुसऱ्या चर्चेत मात्र मला तोंड उघडावेच लागते; कारण माळ्यावरून एकामागून एक खाली उतरणारे सामान माझेच असते. तीन हँडले, दोन चेनकव्हरे, पितळी घंट्यांनी भरलेला डबा, कातडे आक्रसून होडीसारख्या झालेल्या चार सीटा आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सायकलींच्या कितीतरी नळ्या. "लोक टपालाची तिकिटे जमवतात, नाणी जमवतात. ती निदान डब्यात मावतात," सौभाग्यवती म्हणतात. यावर माझ्याकडे उत्तर नाही. सायकल डब्यात मावत नाही, हे तिचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे.

आजमितीस माझ्याकडे सात जुन्या सायकली आहेत. सगळ्या पोलादी. त्यांतल्या सहा भरीव दांड्यांच्या ब्रेकच्या, अठ्ठावीस इंची चाकांच्या, ताठ पाठीने बसायच्या. आणि एक शर्यतीची, मेंढ्याच्या शिंगांसारखे वाकडे हँडल असलेली. एकही मी दुकानातून घेतलेली नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात, गोठ्यात, गुऱ्हाळाच्या छपराखाली आणि एक तर चक्क विहिरीच्या रहाटाला टेकवलेली, अशा त्या मला भेटत गेल्या.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. दिवसा शाळेत मुलांना मराठी शिकवावे आणि रात्री कादंबरीची दोन पाने लिहावीत, हा माझा व्यवसाय. यंत्रशास्त्र मी कोणत्या कॉलेजात शिकलो नाही. ते शिकलो आमच्या गावच्या एस.टी. स्थानकामागे असलेल्या सायकल दुकानाच्या ओट्यावर. दुकानाचे मालक साऱ्या गावाचे चाचा. लहानपणी आम्ही त्यांच्याकडून तासाच्या भाड्याने सायकल घेत असू आणि मधल्या नळीखालून पाय घालून अर्धे पायडल मारीत गावभर हिंडत असू. पुढे मी शिक्षक झालो तरी सुट्टीत त्या ओट्यावर जाऊन बसण्याची सवय गेली नाही. चाकाचा आऊट कसा काढायचा, हबात छर्रे बसवताना ते ग्रीसमध्ये कसे चिकटवून ठेवायचे, कॉटर ठोकताना खाली लाकडाचा ठोकळा का धरायचा, हे सगळे चाचांनी शिकवले. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हा त्यांचा पहिला धडा होता. "मास्तर," ते म्हणत, "तुमच्या कादंबरीत चुकलं तर खोडता येतं. आट्यात चुकलं की नळी गेली."

जुनी सायकल ओळखणे ही माणूस ओळखण्यासारखीच कला आहे. रंग उडालेला असतो, नाव पुसलेले असते. पण हाडे बोलतात. पायडलच्या मोठ्या दातेरी चक्रात उघडा तळहात कोरलेला दिसला की ती रज. बगळ्यांची डोकी दिसली की ती रॅले; नॉटिंगहॅम शहरातल्या रॅले स्ट्रीटवर सुरू झालेल्या कारखान्याची. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका दिसल्या की ती बीएसए. कारण १८६१ साली बर्मिंगहॅमच्या बंदूक बनवणाऱ्या कारागिरांनीच ती कंपनी काढली होती. हंबर, हर्क्युलिस, फिलिप्स ही नावे तर आपल्या आजोबांच्या तोंडी घरातल्या माणसांच्या नावांसारखी होती. एवढ्यानेही ओळख पटली नाही, तर आटे मोजावेत. इतर बहुतेक इंग्रज कारखान्यांचे हँडलच्या कपांचे आटे इंचाला २४, रॅलेचे मात्र २६. दुसऱ्याचा कप रॅलेला बसत नाही आणि रॅलेचा दुसऱ्याला. घराण्याचा अभिमान लोखंडालाही असतो, तो असा.

पुढे या सायकली आपल्याकडेच बनू लागल्या. मुंबईत हिंद, आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ साली टी. आय. सायकल्स, सोनिपतला १९५१ साली ॲटलास आणि लुधियान्यात १९५६ साली हीरो. पुणे म्हणजे सायकलींचे शहर असे म्हणत, ते या काळात. नगरपालिकेचा कर भरल्याचा बिल्ला सायकलीला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा मागे कुणाला बसवले, तर पोलीस शिट्टी वाजवी. माझ्या घंट्यांच्या डब्यात असे पाच बिल्ले आहेत. हिंद आणि सेन-रॅले कधीच बंद पडल्या. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद झाला. तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता, हे वाचून त्या सकाळी मला चहा गोड लागला नाही.

आता कुणी विचारील, की हलक्या ॲल्युमिनियमच्या आणि कार्बनच्या सायकली मिळत असताना वीस-वीस किलोंचे हे पोलाद कशाला उराशी धरायचे? त्याचे उत्तर असे की पोलाद क्षमाशील आहे. ते वाकले तर सरळ करता येते, तडकले तर पितळेचा टाका देऊन सांधता येते आणि सांधा चुकला तर तापवून पुन्हा सोडवता येतो. आणि पोलाद जडच असते असेही नाही. माझ्या शर्यतीच्या सायकलीची नळी '५३१' जातीची आहे. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ साली ही नळी काढली. पोलादात मँगॅनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेले. हिची गंमत अशी की ती दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते. सांध्याशी जोर पडतो, तेथे जाडी. मध्ये पडत नाही, तेथे काटकसर. ही युक्ती त्याच कंपनीची, १८९७ सालची. नळीला बोटाच्या नखाने टिचकी मारली, की भांड्यासारखा स्वच्छ आवाज येतो. हा प्रयोग मी घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासमोर करतो. पाहुणे "वा!" म्हणतात आणि चहाची वाट पाहतात.

गंज काढण्याचे माझे तंत्र मात्र अगदी स्वदेशी आहे. आमच्या भागात साखर कारखाने पुष्कळ; तेथली मळी मिळवावी. एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी एका पिंपात कालवून गंजलेले सुटे भाग त्यात बुडवावेत आणि विसरून जावे. आठवडाभराने, गंज फार असेल तर तीन आठवड्यांनी, काढून धुतले की आतले लोखंड करडे, स्वच्छ होऊन निघते. मळी गंज खाते आणि चांगल्या लोखंडाला फारशी धक्का लावीत नाही. ॲल्युमिनियम मात्र त्यात घालू नये. त्यालाही ती खाते. एकच दोष. तीन आठवडे परसात जो वास सुटतो, त्याने शेजारधर्माची कसोटी लागते. आमचे शेजारी फार सज्जन आहेत, एवढेच म्हणतो.

गंज निघाला की खरा प्रश्न पुढे उभा राहतो. सायकल नव्यासारखी करायची, की जुनीच ठेवायची? जुना रंग खरवडून नवा काळा रंग द्यावा, सोनेरी रेघा नव्याने ओढाव्यात, क्रोमचा मुलामा चढवावा, म्हणजे ती आरशासारखी चमकते. पण पन्नास वर्षांत हातांनी, घामाने आणि पावसाने तिच्यावर जे लिहिले, ते सारे पुसले जाते. उलट काहीच न करावे तर ती मोडकीच राहते. या प्रश्नाची उत्तरे जगभर निरनिराळी दिली गेली आहेत. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे जुन्या सायकलींचे संग्रहालय आहे. तेथे गेले म्हणजे सायकल ही किती परींनी घडवता येते, हे उभे राहून पाहत राहावे. इटलीत तस्कनी प्रांतात गायोले नावाचे गाव आहे. तेथे १९९७ पासून दर वर्षी एक फेरी निघते, 'लेरोइका' नावाची. तिच्यात १९८७ पूर्वीच्या घडणीच्याच सायकली चालतात. गिअरच्या कळा खालच्या नळीवर असाव्या लागतात, ब्रेकच्या तारा उघड्या दिसाव्या लागतात आणि मग पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर म्हातारे-तरुण सगळे धुरळा उडवीत जातात. एकीकडे जपणे, दुसरीकडे चालवणे. मला दोन्ही पटत. आणि कुठल्या सायकलीला काय लागू, याचा निवाडा मी माझ्या मर्जीने करीत असे. हा निवाडा मालकाचा असतो, हे मला एका नर्सबाईंनी शिकवले.

गेल्या वर्षी पुण्याहून एका इंजिनियर गृहस्थांचा फोन आला. आईची जुनी सायकल गावच्या घरी पडली आहे, ती नवी कोरी करून हवी; नव्या घराच्या दिवाणखान्यात भिंतीवर टांगायची आहे, खर्चाची काळजी करू नका. मी गेलो. गाव आमच्यापासून अकरा मैलांवर. पडवीत पोत्यांमागे सायकल उभी होती. बायकांची घडण, वरची नळी नाही, खाली बाक दिलेली. चक्रात बगळे. मागच्या हबवरची धूळ पुसली, तो इंग्रजी 'एडब्ल्यू' ही अक्षरे आणि त्यांच्याजवळ ५२ हा आकडा. स्टर्मी-आर्चरचा तीन गतींचा हब, १९५२ साली बनलेला. नॉटिंगहॅमची माणसे हबवर जन्मसालच ठोकून देत, त्यामुळे बाईंच्या वयापेक्षा त्यांच्या सायकलीचे वय मला आधी कळले.

बाईंचे वय त्र्याऐंशी. १९६३ साली त्या आरोग्य खात्यात नर्स म्हणून लागल्या आणि १९६५ साली, बदली होऊन निघालेल्या एका डॉक्टरीणबाईंकडून त्यांनी ही सायकल हप्त्याने घेतली. तेव्हा त्या टापूत सायकलवर बसणारी दुसरी बाई नव्हती. पहिले वर्षभर वाडीवाडीची पोरे मागे पळत आणि म्हातारी माणसे तोंड फिरवीत. "मग?" मी विचारले. "मग त्यांच्या सुनांची बाळंतपणं आली," बाई म्हणाल्या.

अंधाऱ्या रात्री निरोप येई. सायकलीला डायनामोचा दिवा होता. डायनामोचा धर्म असा, की चाक फिरते तोवरच उजेड. थांबलात की अंधार. "ओढा आला की उतरायला लागायचं आणि नेमका तिथंच दिवा जायचा," बाई हसून सांगत होत्या. "म्हणून हँडलला कंदीलही अडकवायची. पण घाटात कंदील विझायचा. मग काय, पायडल मारत राहायचं. थांबलं की भीती वाटते, गुरुजी. चालत राहिलं की नाही वाटत."

"किती बाळंतपणं केलीत?"

"ती नाही मोजली. टायर मोजलेत. अकरा झाले."

मी विषय काढला. नवा रंग, नवा मुलामा, दिवाणखान्याची भिंत. बाईंनी ऐकून घेतले आणि आतल्या भिंतीकडे बोट केले. तेथे त्यांच्या यजमानांची तसबीर होती, हार घातलेली. "भिंतीवर एक पुरे," त्या म्हणाल्या. "ती सायकल चालती करून द्या. मला बसायचंय."

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केले असते? एकीकडे मुलगा, आईची हाडे मोडू नयेत म्हणून काळजी करणारा, आणि त्यात त्याचे काय चुकले? दुसरीकडे आई, पडायचे की नाही हे स्वतः ठरवण्याचा हक्क मागणारी. मी मुलाला फोन केला, तेव्हा तो पहिल्यांदा रागावलाच. "गुरुजी, त्या वयात माकडहाड मोडलं तर काय होतं ठाऊक आहे ना?" मी म्हटले, ठाऊक आहे. तुम्ही या, दोघे समोरासमोर बोला. तोवर मी फक्त यंत्र दुरुस्त करतो. यंत्र दुरुस्त केल्याने कुणी पडत नाही. बिघडलेल्या यंत्राने पडते.

ते दीड महिन्याचे काम मी आयुष्यात विसरणार नाही. रंगाला हात लावला नाही. रॉकेलच्या बोळ्याने मळ काढला आणि मेणाचा पातळ हात फिरवला. डाव्या मुठीखाली जेथे चाळीस वर्षे पिशवी अडकवली होती, तेथे लोखंड उघडे पडून गुळगुळीत झाले होते. ते तसेच ठेवले. कॉटर तीन दिवस रॉकेलमध्ये भिजवून निघाले. पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा, ही जुनी इंग्रजी वहिवाट. त्यांतल्या नऊ बदलाव्या लागल्या. अठ्ठावीस-दीडचे टायर सुदैवाने आपल्याकडे अजूनही बनतात.

हब उघडला, तेव्हा सौभाग्यवतीलाही मुद्दाम बोलावून दाखवला. मधोमध वीस दात्यांचा सूर्य. तो एक्सलला पक्का, जागचा हलत नाही. त्याभोवती वीस-वीस दात्यांचे चार ग्रह फिरतात आणि सगळ्यांना वेढून साठ दात्यांचे कडे. या तीन आकड्यांत साऱ्या गती सामावल्या आहेत. पहिल्या गतीत पायडलच्या चारास चाक तीन फिरते, म्हणून चढ सोपा. दुसरीत जसेच्या तसे. तिसरीत तीनास चार. पण या हबात एक खोडही आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या गतीच्या मध्ये एक पोकळ जागा असते. तार सैल असली की पायडल एकाएकी मोकळे फिरते आणि वरचा माणूस तोंडघशी जातो. ऐन चढावर उभे राहून पायडल मारणाऱ्या तरुणालाही ते महागात पडते. येथे तर त्र्याऐंशी वर्षांची बाई. उजव्या नटाला बारीक भोक असते. दुसऱ्या गतीत असताना त्यातून पाहायचे. आतल्या काडीचा खांदा एक्सलच्या टोकाशी बरोबर जुळला पाहिजे. मी तो रोज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, असा आठ दिवस जुळवून पाहिला. सीट इतकी खाली घेतली, की दोन्ही पावले पुरी टेकावीत.

एकच गोष्ट राहिली. साडी चाकात अडकू नये म्हणून मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी असते. ती कुजून गेली होती. बाजारात तशी मिळेना. बाईंना सांगितले, तर त्या म्हणाल्या, "पहिली मीच विणली होती." आणि चष्म्यावर दुसरे भिंग धरून त्यांनी क्रोशाने दोन्ही जाळ्या पुन्हा विणल्या. एक बाजू थोडी ओढलेली आली आहे. ती शोभते.

महाशिवरात्रीच्या सुट्टीत मुलगा आला. शाळेच्या मैदानावर आम्ही तिघे आणि ती सायकल. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने चाक फिरवून पाहिले, ब्रेक दाबून पाहिला आणि आईला म्हणाला, "एकच फेरी. मी मागं धरतो."

"तू धर. पण सोडू नकोस म्हणजे झालं," बाई म्हणाल्या. "तुला शिकवताना मी सोडली नव्हती."

"सोडली होतीस. मी पडलो होतो."

"बरं मग, तू सोडू नको."

पन्नाशीपुढचा तो गृहस्थ कॅरिअर धरून, चकचकीत बुटांनी मैदानाची धूळ उडवीत आईच्या मागे पळू लागला. बाई ताठ बसल्या होत्या. पहिली दहा पावले हँडल थरथरले, नंतर स्थिर झाले. अर्ध्या मैदानापलीकडे सायकल ओढायची गरज नव्हती. तो नुसता हात ठेवून पळत होता. फेरी पुरी झाल्यावर बाई उतरल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "पुरे. बसता येतं, एवढं कळलं. आता हातात धरून चालेन."

आणि खरोखरच त्या रोज तसे चालतात. बाजाराला जाताना सायकल हातात, भाजी पुढच्या टोपलीत. काठी टेकून चालायला त्यांना लाज वाटत होती. सायकल धरून चालायला वाटत नाही. काठीपेक्षा दोन चाकांचा आधारही अधिक बळकट. वाटेत कुणी पन्नाशीतला माणूस थांबतो आणि वाकून नमस्कार करतो. त्याचा जन्म याच सायकलीच्या भरवशावर झालेला असतो. मुलाच्या दिवाणखान्याची भिंत मात्र रिकामी आहे. तेथे आता तो मैदानावर काढलेला फोटो लावणार आहे, असे परवा फोनवर म्हणाला. मी म्हटले, त्यात तुमचे धुळीचे बूटही येऊ द्या.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरोघरी माळे रिकामे होत असतील आणि भंगारवाल्याची हाळी दारावरून जात असेल. तो सायकल वजनावर घेतो आणि त्याचा काटा त्याच्या परीने खराच असतो. तुमच्याही माळ्यावर, जिन्याखाली, गावच्या पडवीत एखादी असेल. ती द्यायची तर खुशाल द्या. प्रत्येकाच्या घरी सात सायकली राहाव्यात असा माझा आग्रह नाही, आमच्या घरी तर तो मुळीच चालत नाही. फक्त देण्याआधी तिच्या हबवरची धूळ एकदा बोटाने पुसा, तेलाचे चार थेंब सोडा आणि चाक फिरवून पाहा. आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाला हाक मारून विचारा, की ही कुणाची होती आणि हिच्यावरून कुठे कुठे जाणे होई. फराळाचे ताट पुढे असताना अशा गोष्टी फार छान निघतात. ऐकून झाल्यावरही भंगारवाला दारातच उभा असेल, तर त्याला चकली द्या आणि उद्या यायला सांगा.